उचल कोणी फेडायची?

बीडमध्ये ‘उचल’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते. ऊस तोडूनही ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते.

ख्रिस्ती धर्मातला पापाचा हिशेब समजायला हा दाखला बरा आहे. माणसाची बाकी त्याच्या ऐपतीबाहेरची. म्हणून देवानेच माणूस होऊन क्रुसावर ती फेडली, अशी मांडणी कँटरबरीच्या आन्सेल्मने १०९८च्या सुमारास केली. दाखला पुरता जुळत नाही, हेही खरं. इथे मुकादमच कोयता हाती घेतो!

एकाचं पाप दुसऱ्याने वाहण्याच्या या कल्पनेचं मूळ ज्यू परंपरेत. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणत. एक कापला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक लोकांची पापं कबूल करी, मग त्याला रानात सोडत. येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हणतात, ते अशाच बलिपरंपरेतून.

‘ज्याचे भोग त्याला’ म्हणणाऱ्या मराठी कानांना हे नवंच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ते १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त सांगितलं, तेही ओवीत. ओवी तर बीडच्याही ओळखीची: अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे, त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ही ओवीतलाच.