विश्लेषण : परिविक्षा अधिकारी नेमके काय करतात? त्यांच्या एका अहवालावर किती काही अवलंबून असते?

मोबाइलवर ‘पीओ’ असे शोधले की बँकेच्या परीक्षेची माहिती समोर येते. पण न्यायव्यवस्थेतही एक ‘पीओ’ असतो. तो म्हणजे परिविक्षा अधिकारी, अर्थात प्रोबेशन ऑफिसर. दोषी व्यक्तीला तुरुंगात पाठवायचे की सुधारण्याची संधी द्यायची, हे न्यायालय ठरवते. त्या व्यक्तीचे घर, वस्ती आणि परिस्थिती पाहून न्यायालयाला माहिती देण्याचे काम या अधिकाऱ्याचे.

कायदा काय सांगतो?

अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ सालचा. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कलम ४ नुसार दोषीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. न्यायालयाने देखरेखीचा आदेश दिल्यास ती किमान एक वर्ष असते. दोषीचे वय २१ पेक्षा कमी असेल, तर कलम ६ नुसार जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात त्याला सहसा तुरुंगात पाठवता येत नाही. पाठवायचेच असेल तर आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणे नोंदवावी लागतात.

मुलांच्या प्रकरणात भूमिका काय?

बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात आले की परिविक्षा अधिकाऱ्याला कळवले जाते. दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळाला द्यायचा असतो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. पुण्यातील मे २०२४ च्या पोर्श अपघातानंतर जामिनासाठी घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीची देशभर चर्चा झाली. मात्र जामिनावरील बालकाला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे, याकडे फारसे लक्ष गेले नाही.

अहवाल कसा तयार होतो?

समजा, १७ वर्षांचा मुलगा मोबाइल चोरीत सापडला. पोलिसांच्या कागदात कलम, वेळ आणि मुद्देमाल असतो. शाळा कधी सुटली, घरात कमावते कोण, वडिलांचे व्यसन, मित्रांची संगत, हे तिथे नसते. त्यासाठी अधिकारी घरी जातो, शिक्षकांना भेटतो, शेजाऱ्यांशी बोलतो. इथेच खरी कसोटी लागते. चौकशी मोकळेपणाने केली तर मुलगा वस्तीत ‘चोर’ म्हणून ओळखला जाण्याची भीती, आणि केली नाही तर अहवाल अर्धवट. १९५८ च्या कायद्यात अहवाल गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे, पण गल्लीतल्या कुजबुजीला कायदा लागू होत नाही.

सुटकेनंतर काम संपते का?

नाही. देखरेख ठेवणे, रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणे, नुकसानभरपाई भरण्यास मदत करणे, ही कर्तव्ये कायद्यानेच सोपवली आहेत. कलम १२ नुसार परिविक्षेचा लाभ मिळालेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. नोकरीच्या शोधातील तरुणासाठी ही बाब मोलाची ठरते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण दुहेरी भूमिकेची. ज्या मुलाने विश्वासाने मन मोकळे करायचे, त्याने अट मोडली तर ती न्यायालयाला कळवायचीही याच अधिकाऱ्याने. दुसरी वेळेची. दोन आठवड्यांची मुदत एकाच वेळी अनेक प्रकरणांत सुरू असते. कुटुंब ऊसतोडीला गेलेले असेल किंवा भाड्याची खोली बदलली असेल, तर पत्ता शोधण्यातच दिवस जातात. तिसरी नोकरीच्या स्वरूपाची. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील विधी तथा परिविक्षा अधिकारी हे पद कंत्राटी असते. माणूस बदलला की मुलाशी जुळलेले नाते पुन्हा शून्यापासून सुरू होते.

कायदाही काही ठिकाणी जुनाच राहिला आहे. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडल्यास न्यायालय दंड करू शकते, पण त्याची कमाल मर्यादा आजही ५० रुपये!

मग सामान्यांनी काय लक्षात ठेवावे?

परिविक्षा अधिकारी घरी आला म्हणजे पोलीस आले असे नव्हे. माहिती लपवली किंवा सजवून सांगितली, तर नुकसान मुलाचेच होते. घरची खरी परिस्थिती मंडळापुढे पोहोचली, तरच शिक्षेऐवजी शाळा, समुपदेशन किंवा कौशल्य प्रशिक्षण यांचा विचार करायला आधार मिळतो.