दगडाच्या दळणाचा तंटा

दगडाचे पीठ करावयास नेमकी किती शक्ती खर्ची पडते, या वरकरणी रुक्ष प्रश्नाचे मला फार वर्षांपासून वेड आहे. भरडा काढणे सोपे आणि पीठ काढणे कष्टाचे, हे जात्यावर बसणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु कण जसजसा बारीक होतो तसतसे हे कष्ट किती पटींनी वाढतात, यावर मात्र युरोप-अमेरिकेतील विद्वान शतकभर हिरिरीने भांडले.

पहिला पक्ष पीटर फॉन रिटिंगर यांचा. ऑस्ट्रियाच्या खाणखात्यातील हा अंमलदार मोठा कर्तबगार होता. एबेनझे येथील मिठागरात इंधनाची बचत व्हावी म्हणून 1850च्या दशकात वाफेतील उष्णता पुन्हा वापरणारे यंत्र त्यानेच उभारले होते. 1867 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्रतिपादन केले की, दगड फुटताना जितके नवे पृष्ठ उघडे पडते तितकेच श्रम लागतात. 1885 साली फ्रीडरिश किक यांनी उलट कैफियत मांडली: कण मोठा असो वा लहान, त्याचे अर्धे करावयास वजनाच्या प्रमाणात सारखेच श्रम पडतात, सबब हिशेब पृष्ठाचा नव्हे, घनफळाचा धरावा.

हा वाद केवळ पंडिती नव्हता. किक खरा मानावा तर दळणाच्या श्रेयाचा मोठा वाटा भरड फोडणाऱ्या यंत्राच्या पदरात पडे, आणि रिटिंगर खरा मानावा तर बारीक दळणाऱ्या यंत्राच्या. म्हणजे कोणते यंत्र विकत घ्यावे, हाच मामला त्यात गुंतलेला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील सोनेखाणींच्या अनुभवावर स्टॅडलर यांनी किकची बाजू उचलून धरली, तर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेट्स यांनी प्रत्यक्ष दगड फोडून 1915 साली रिटिंगरच्या बाजूने ‘किक विरुद्ध रिटिंगर’ या उघड कज्जाच्या मथळ्याखाली आपला प्रबंध सादर केला. पुढे अमेरिकन खाणखात्यातील ग्रॉस आणि झिमर्ली यांनी जे केले ते मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर काम वाटते. चुऱ्याचे पृष्ठ चाळणीने मोजता येत नाही, हे ओळखून त्यांनी गारगोटीचा चुरा हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकला आणि तो किती वेगाने विरघळतो यावरून उघड्या पृष्ठाचे माप काढले; पडत्या वजनाने दिलेली शक्ती आणि हे माप, दोन्ही जवळजवळ समप्रमाणात आढळली. रिटिंगरचा पक्ष बळकट झाला.

आणि तरीही कारखान्यातील आकडे जुळेनात. ॲलिस-चाल्मर्स या यंत्रोत्पादक कंपनीतील फ्रेड बाँड यांनी चालू गिरण्यांची प्रचंड माहिती जमवून 1952 साली तिसरा सिद्धांत पुढे ठेवला: श्रम हे कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतात. त्याची कसोटी आजही जगभर घेतली जाते. सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा, आतून गुळगुळीत असा एक डबा, त्यात 285 लोखंडी गोळे, वजन सुमारे वीस किलो. मिनिटाला सत्तर फेरे. सुमारे सव्वातीन मिलिमीटरखालचे सातशे घनसेंटिमीटर खनिज कोरडेच घालायचे, ठरावीक फेऱ्यांनंतर उपसून चाळायचे, चाळणीखाली पडलेले बाजूला काढायचे, तेवढ्याच वजनाचे ताजे खनिज भरायचे आणि परतणारा जाडसर माल नव्या मालाच्या अडीचपट होऊन स्थिर होईपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा. शेवटी एका फेऱ्यात किती ग्रॅम नवे पीठ पडते एवढाच आकडा उरतो. या साऱ्या खटाटोपात विजेचे मीटर कोठेच नाही, हे ध्यानात घ्यावे. त्या ग्रॅमांचा किलोवॅट-तासांशी मेळ बाँडने सुमारे अडीच मीटर व्यासाच्या प्रत्यक्ष बॉल मिलच्या अनुभवावरून बसवून दिला होता, आणि त्यातून निघणारा आकडा म्हणजे त्या खनिजाचा निर्देशांक. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट-कारखान्यांत ज्यांचे दळण अहोरात्र चालते, त्या चुनखडीचा सरासरी निर्देशांक बाँडच्या तक्त्यात साडेअकराच्या थोडा वर आणि क्लिंकरचा साडेतेराच्या आसपास, असा 907 किलोंच्या अमेरिकी टनामागे किलोवॅट-तासांत दिलेला आहे.

तिन्ही पक्षांत अंतर किती, हे एका दाखल्याने पाहू. निर्देशांक तेरा असलेले खनिज, ज्याचे 80 टक्के कण दहा मिलिमीटरखाली आहेत, ते शंभर मायक्रॉनपर्यंत दळावयास बाँडच्या सूत्राने टनामागे 11.7 किलोवॅट-तास लागतात. तेथून पंचवीस मायक्रॉनपर्यंत नेण्यास आणखी 13. म्हणजे दुसरा टप्पा पहिल्याच्या सव्वापटीहूनही कमी. किकच्या हिशेबाने तोच दुसरा टप्पा पहिल्याच्या तीनदशांश भरतो, आणि रिटिंगरच्या हिशेबाने तिप्पट! एवढी तफावत असता कारखानदाराने कोणाच्या शब्दावर मोटारीची खरेदी करावी?

बाँडने आपल्या सूत्राला भेगांच्या लांबीचा तात्त्विक आधार दिला होता. तो मला मुळीच पटत नाही. त्याचे खरे मोठेपण कसोटीच्या शिस्तीत आणि जमवलेल्या दप्तरात आहे. कारण फुटणाऱ्या दगडाची प्रकृतीच आकारागणिक बदलते. ग्रिफिथने 1920 साली काचेच्या बाबतीत दाखविल्याप्रमाणे घन पदार्थाचा दुबळेपणा त्याच्या अंगातील सूक्ष्म चिरांत असतो. मोठ्या धोंड्यात अशा चिरा मुबलक. तो त्यांवरच फुटतो आणि उरलेला तुकडा अधिक निर्दोष, म्हणून अधिक चिवट निघतो. त्यातच गिरणीत फिरणाऱ्या शक्तीचा एक टक्काही नव्या पृष्ठाच्या कामी येत नाही. बाकीची गोळ्यांच्या आपसांतील टकरींत, उष्णतेत आणि आवाजात जाते. खनिजाविना नुसत्या गोळ्यांवर फिरणारी गिरणीसुद्धा खनिजाने भरलेल्या गिरणीइतकीच वीज ओढू शकते, हे ज्याने पाहिले आहे तो एका निर्मळ नियमाच्या मागे फार काळ लागणार नाही.

हे धैर्याने बोलून दाखविणारा माणूस म्हणजे हेलसिंकीचे प्राध्यापक रिस्टो हुक्की. 1961 साली त्यांनी अमेरिकन खनिकर्म-अभियंत्यांच्या मुखपत्रात जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच तिन्ही पक्षकारांमध्ये सॉलोमन राजाच्या धर्तीचा निवाडा सुचविलेला आहे. सेंटिमीटरहून मोठ्या ढेकळांच्या प्रांतात किक, नेहमीच्या बॉल मिलच्या प्रांतात बाँड, आणि अतिसूक्ष्म दळणात रिटिंगर. म्हणजे सूत्रातील घातांक हा स्थिरांक नसून कण बारीक होईल तसतशी चढत जाणारी राशी आहे. कोणालाही खोटे न ठरविता प्रत्येकाची हद्द आखून देणारा हा निर्णय मला त्या काळातील सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो, आणि त्याची उपेक्षा व्हावी याचे मनापासून वाईट वाटते. पुढची कैक वर्षे यंत्रांचे आराखडे बाँडच्या एकाच घातांकावर बेतले गेले. दरम्यान गणितज्ञांनी एकट्या 80 टक्क्यांच्या आकड्याऐवजी कणांची अख्खी लोकसंख्याच हिशेबात धरायला आरंभ केला होता: कोल्मोगोरोव्ह 1941 साली, एपस्टाइन त्यामागून, आणि 1956 साली कोळशासाठी ब्रॉडबेंट व कॅलकॉट यांनी मांडलेले सारणीचे गणित. 2004 साली मॉरेल यांनी बाँडच्या जागी जे समीकरण सुचविले, त्यातील घातांक कणाच्या आकारावर अवलंबून ठेवलेला आहे.