बारा नंबरची पिन

जेल रोडवरून तीन व्हीजीए केबली आणल्या. दुकानदार म्हणाला, "भिया, केबल तो केबल है, कोई भी ले जाओ." रामबागेतल्या घरी येऊन मल्टिमीटर काढला आणि एकेक पिन तपासत बसलो. मीटर वाजला की तार टोकापर्यंत पोचलेली. दोन केबली गुणी निघाल्या. तिसरीच्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवर मीटर गप्प. मला हवी होती ती हीच.

दुपारपासून लिनक्स कर्नलमधल्या एका डिस्प्ले ड्रायव्हरचा पॅच समोर होता. जेमतेम साठ ओळी, काम एकच: बोर्डाच्या व्हीजीए सॉकेटला स्क्रीन जोडलेला आहे का, ते शोधून सांगायचं. कर्नल या प्रश्नाची तीन उत्तरं घेतो: कनेक्टेड, डिसकनेक्टेड आणि अननोन. म्हणजे आहे, नाही, सांगता येत नाही. तिसरं उत्तर द्यायला प्रोग्रामरच्या फार जिवावर येतं. पॅच तपासणाऱ्याची निम्मी शक्ती त्याचीच वकिली करण्यात जाते, असं माझं मत झालंय.

स्क्रीनच्या पोटात एक बारकी चिप असते. तिच्यात ईडीआयडी नावाची 128 बाइटांची माहिती साठवलेली असते: बनवणारा कोण, साल कुठलं, कोणकोणती रिझोल्यूशन जमतात. सुरुवातीचे आठ बाइट ठरलेले असतात. सगळ्या बाइटांच्या बेरजेला 256 ने पूर्ण भाग जायला हवा, नाहीतर वाचण्यात चूक झाली असं समजायचं. व्हीजीएमध्ये ही माहिती बारा आणि पंधरा या दोन पिनांवरून येते. चित्र मात्र एक, दोन, तीन या पिनांवरून जातं. म्हणजे स्क्रीनचं नावगाव सांगणारी वाट वेगळी आणि प्रत्यक्ष काम करणारी वेगळी.

पॅचमध्ये लिहिलं होतं: ईडीआयडी मिळाली तर कनेक्टेड, नाही मिळाली तर डिसकनेक्टेड. वाचायला किती सरळ! तिसरी केबल लावली, पॅच घातलेला कर्नल सुरू केला. जुना सतरा इंची स्क्रीन काळाठिक्कर, आणि स्टेटसच्या फाइलीत 'डिसकनेक्टेड'. मग केबलचं बोर्डाकडचं टोक काढून पहिल्या आणि सहाव्या पिनेवर मीटर धरला. साधारण 75 ओहम. पलीकडच्या टोकाला स्क्रीन आहे, लाल रंगाच्या तारेवर त्याचा रोध मला मोजता येतोय, आणि ड्रायव्हर म्हणतोय कोणी नाही. हाकेला ओ आली नाही म्हणून घर रिकामं ठरवण्यातला प्रकार.

हा अनुभव काही माझ्या एकट्याचा नव्हे. साध्या व्हीजीए चिपांसाठी कर्नलमध्ये जो ड्रायव्हर आहे, त्यात याच जागी टीप लिहून ठेवलीय की काही केबलींमध्ये या तारा जोडलेल्याच नसतात, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून केबल निघालीय असं धरू नका. तिथे अननोन परत करतात. दुसरा कुठलाच स्क्रीन सापडला नाही, तर कर्नल अशा अननोन स्क्रीनवरही 1024 बाय 768 चं चित्र पाठवून बघतो. थोडं फिसकटलेलं दिसेल, पण दिसेल.

मी तेवढंच कळवलं. पॅच लिहिणारा उत्साही. दुसऱ्या आवृत्तीत त्याने अननोन तर घातलंच, वर मी मीटरने केलं ते चिपकडून करून घेतलं: रंगाच्या तारेवर ठरावीक व्होल्टेज सोडायचं आणि पलीकडे 75 ओहमचा भार आहे का बघायचं. तिसऱ्या केबलवर स्क्रीन लागला. मी खूश होऊन चहा ठेवायला उठलो, परत येऊन बसलो तर चित्र डोळा मारल्यासारखं लवलं. पुन्हा लवलं. घड्याळ लावलं: दर दहा सेकंदांनी. कर्नल दर दहा सेकंदांनी आपणहून चौकशी करतो, आणि प्रत्येक चौकशीत हा गडी चालू चित्रात चाचणीचं व्होल्टेज घुसवत होता. यासाठी त्या फंक्शनला 'फोर्स' नावाचा एक पॅरामीटर मिळतो. माणसाने मुद्दाम विचारलं असेल तर तो खरा, आपोआप चाललेली फेरी असेल तर खोटा. खोटा असताना असले उपद्व्याप करायचे नसतात. पॅचमध्ये त्याच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

मधेच लाइट गेली. माझा रोजचा एचडीएमआय मॉनिटर विझला, लॅपटॉप बॅटरीवर चालू. सहज स्टेटसची फाइल वाचली: 'कनेक्टेड'. माझ्या मॉनिटरमधली ईडीआयडीची चिप लॅपटॉपकडून केबलमधून येणाऱ्या पाच व्होल्टवर जगते. घरात अंधार, तरी ती उत्तर देत होती. दोन्ही टोकांचे नमुने एकाच संध्याकाळी टेबलावर.

तिसरी आवृत्ती दोन दिवसांनी आली. फोर्स खोटा असेल तर भाराची चाचणी टाळून आधीचंच उत्तर परत, एवढ्या दोन ओळी वाढल्या होत्या. तिन्ही केबलींवर चालवली, पंधरा मिनिटं स्क्रीनकडे टक लावून बसलो. लवला नाही. मग खाली नाव घालून पाठवून दिलं.

आई दिवाळीच्या आवराआवरीत वायरींचा ढीग भंगारात देते. तिसऱ्या केबलला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलंय: 'खराब आहे. फेकू नये.'