गव्हाणी घुबडाचे कान व पंख

घुबडास दगड मारू नये. मारल्यास ते तो दगड उचलून नेते व पाण्यात झिजवीत बसते, आणि जसजसा दगड झिजेल तसतसा मारणाराही झिजत जातो, असा समज आमच्या लहानपणी घरोघरी होता. या भीतीने पुष्कळ घुबडे दगडांपासून वाचली असतील; परंतु याच भीतीने त्यांस घराजवळ थारा मिळेनासा झाला, हेही खरे.

आमच्या गावी एका पडक्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाचे एक जोडपे पुष्कळ वर्षे राहत होते. २०१६ साली वाड्याशेजारी एका घरी दुखणे आले, तेव्हा काही मंडळींनी माळ्यावर धूर करून त्यास घालवून दिले. आम्ही त्या वेळी तेथे उभे होतो व काही बोललो नाही. पुढील रब्बीत लगतच्या शाळूची ताटे उंदरांनी बुंध्याशी कातरली, आणि बिळे उकरली तेव्हा कणसे निघाली. घुबड गेले म्हणूनच हे झाले, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. महसूल खात्यात जन्म घालविल्यामुळे पुराव्यावाचून शेरा मारण्याची आम्हास सवय नाही. तथापि तेव्हापासून या पक्ष्याविषयी मिळेल ते वाचीत गेलो. त्यातील काही वाचकांपुढे ठेवितो.

या पक्ष्याचा चेहरा पांढरा व बदामाच्या आकाराचा असतो. हा चेहरा म्हणजे वस्तुतः एक सूप आहे असे समजावे. ताठ व दाट पिसांच्या कडेने ध्वनी गोळा होऊन तो आतील कानांकडे वळविला जातो. काही जातींच्या घुबडांस डोक्यावर जी शिंगे दिसतात ती कान नव्हेत, केवळ पिसे होत. खरे कान चेहऱ्याच्या पिसांखाली झाकलेले असतात. आणि नवल असे की, गव्हाणी घुबडाचे हे दोन कान समपातळीत नसतात. डावा किंचित वर असून त्याचा रोख खाली, उजवा किंचित खाली असून त्याचा रोख वर असतो. त्यामुळे जमिनीकडून येणारा आवाज डाव्या कानास अधिक मोठा ऐकू येतो, व वरून येणारा उजव्यास. आवाज कोणत्या कानाशी आधी पोहोचला यावरून उजवी-डावी दिशा कळते, व कोणत्या कानास मोठा वाटला यावरून वर-खाली. दोन्हींचा मेळ बसला की उंदराची जागा मुक्रर होते. मोजणीदार दोन ठिकाणांहून नजर धरून बांधाचा कोपरा साधतो, त्यातलाच हा प्रकार.

ही केवळ कल्पना नव्हे. रॉजर पेन नामक अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने पूर्ण काळोखाच्या खोलीत पाला पसरून त्यावर उंदीर सोडला. घुबडाने तो अचूक धरला. वासाने किंवा अंगाच्या उष्णतेने धरला असावा ही शंका राहू नये म्हणून त्याने उंदराऐवजी कागदाचा बोळा दोरीने पाल्यातून ओढला. घुबडाने त्यावरही झेप घेतली! एका कानात कापूस घातला तेव्हा मात्र नेम चुकला. या प्रयोगांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७८ साली एरिक नुडसेन व मासाकाझु कोनिशी यांनी दाखविले की, या पक्ष्याच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा जणू नकाशाच मांडलेला असतो. अमुक दिशेचा आवाज आला की अमुक ठिकाणच्या पेशी जाग्या होतात.

परंतु स्वतःच्याच पंखांचा फडफडाट होत असेल तर असल्या कानांचा उपयोग काय? शिवाय उंदीरही सावध होईल. म्हणून पंखांची घडण निराळी आहे. सर्वांत बाहेरच्या पिसाच्या पुढील कडेस फणीसारखे बारीक दात असतात, मागील कडेस मऊ झालर असते, आणि वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. वारा कापला न जाता विंचरला जातो म्हणा ना. इंग्लंडात ग्रॅहॅम याने १९३४ साली ही तीन लक्षणे नोंदविली. विमानांचा व पंख्यांचा आवाज कमी करू पाहणारे तंत्रज्ञ अद्यापि त्यांचाच अभ्यास करितात.

डोळे मोठे, पण खोबणीत घट्ट बसलेले. ते फिरत नाहीत. म्हणून मान फिरते, आणि ती सुमारे २७० अंश. मनुष्याच्या मानेत ७ मणके, याच्या मानेत १४.

या मऊ पिसांची किंमतही पक्ष्यास द्यावी लागते. ती पावसात लवकर भिजतात, व झडीच्या रात्री त्यास शिकार साधत नाही. अंडी एकेक दिवसाआड-दोन दिवसाआड घातली जातात व पहिल्यापासूनच उबविली जातात, त्यामुळे पिले लहानमोठी असतात. उंदीर तुटपुंजे झाले की धाकटे पिलू मरते.

खाल्लेल्या उंदराची हाडे व केस यांची गोळी करून घुबड ती ओकून टाकते. वाड्याखाली पडलेल्या अशा गोळ्या आम्ही पूर्वी काडीने फोडून पाहिल्या होत्या. पिवळ्या लांब दातांच्या कवट्याच कवट्या निघाल्या. त्या मोजून ठेविल्या असत्या तर आज कामास आल्या असत्या.

उंदरांसाठी विष घालणारांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ब्रोमाडायोलोनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर तात्काळ मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन हिंडतो. असा उंदीर घुबडास आयताच सापडतो, व ते विष त्याच्या पोटात जाते. जेथे घुबड राहते तेथे हे विष न वापरणे बरे. शिवाय घुबड मारणे, धरणे वा विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास काही ठिकाणी मंत्रतंत्रासाठी त्याचा बळी देणारांनाही हा कायदा लागू आहे.

इस्राएल व मलेशिया या देशांत शेतकरी व तेलताडांचे बागाईतदार घुबडांसाठी मुद्दाम लाकडी पेट्या बसवितात. त्यावरून आम्हीही गतवर्षी जुन्या फळ्यांची एक पेटी करून गोठ्याच्या आढ्याखाली, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर ठोकली. अद्याप तीत कोणी आलेले नाही. मात्र गेल्या पंधरवड्यात रात्री दोनदा गोठ्यावरून तो कर्कश चीत्कार ऐकू आला, आणि घरच्या मंडळींनी कपाळास आठ्या घातल्या असता आम्ही या खेपेस गप्प राहिलो नाही.