माशाच्या कानातला खडा

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीकडे गोदावरीच्या खोऱ्यातला मासा येतो. रोहूचे डोके फोडले की मेंदूशेजारी पांढरे खडे सापडतात. यांनाच कर्णाश्म म्हणतात. मासा ऐकतो, तोल सांभाळतो, तो यांच्या मदतीने. झाडाच्या वलयांसारखे थर त्यांवर चढतात, म्हणून वयही कळते.

हे खडे कॅल्शियम कार्बोनेटचे. बहुतेक माशांत ते ॲरागोनाइट या रूपात घडते. कधी मात्र त्याऐवजी व्हॅटेराइट साचते. ते हलके, काचेसारखे पारदर्शक असते. रोहूसारख्या कार्प माशांचा एक खडा मुळातच व्हॅटेराइटचा असतो, तेव्हा प्रत्येक व्हॅटेराइट म्हणजे विकृती, असे समजू नये. सामन माशाच्या मुख्य खड्यात ते आले तर मात्र ऐकू कमी येते. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांना 2016 साली ही विकृती जंगलीपेक्षा पाळीव सामनांत दहापट आढळली. पुढे झपाट्याने होणारी वाढ हे कारण ठरले. वाढीच्या घाईची ही किंमत मासा मोजतो, हे मला खटकते.

जीवाश्मांत प्रश्न आणखी अवघड. व्हॅटेराइट अस्थिर असते. काळाच्या ओघात त्याचे कॅल्साइट होते. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात, उदाहरणार्थ नागपूरजवळ टाकळीला, माशांचे अवशेष मिळाले आहेत. अशा प्राचीन खड्यात कॅल्साइट दिसले, तर जिवंतपणीची विकृती आणि नंतरचा बदल यांत आधी फरक करावा लागतो.