लोणारचा खार आणि कुंभाराचा आवा

राखाडी अंगावर कोबाल्टच्या निळ्या रंगातला पक्षी, नाहीतर एखादे फूल. अमेरिकेतल्या या दगडासारख्या टणक भाजलेल्या मातीच्या बरण्यांमधून खारवलेले मांस, लोणी, लोणची वर्षभर टिकत. तिथल्या बेनिंग्टन गावच्या नॉर्टन घराण्याने १८९४ पर्यंत शतकभर असे कुंभारकाम केले. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास धगधगली की आत मीठ टाकत. मिठातला सोडियम मातीतल्या वाळूच्या अंशाशी एकजीव होई आणि भांड्यावर काचेचा पातळ थर चढे.

सोडियम आणि वाळूची ही सोयरीक बुलढाणा जिल्ह्याला फार पूर्वीपासून माहीत होती. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त काच आणि साबणाला लागणारा माल लोणारला मिळतो, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात लोणारचे खारे सरोवर ओसरले की काठचा सोड्याचा खार गोळा करत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी असे. तो बांगड्यांच्या काचेसाठी जाई. कुंभाराच्या आव्यात मात्र कधी शिरला नाही.

कारण मातीतच आहे. बेसाल्टपासून झालेल्या इथल्या मातीत लोह आणि चुना भरपूर. बाराशे अंशांवर या मातीचे भांडे बसून जाईल. राख-लीद मिसळलेली मडकी आव्यात त्याहून बऱ्याच कमी आचेवर भाजतात आणि सच्छिद्र राहतात. मला हे उणेपण वाटत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. लांबून आणलेले गोडे पाणी झिरपत्या माठातच गार होते. काच चढलेले भांडे तिथे काय कामाचे? त्याच पट्ट्यात भोन गावी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात भाजल्या मातीच्या कड्यांनी बांधलेल्या प्राचीन विहिरी निघाल्या. केवढे हे मातीचे जाणतेपण!

लोणच्याला मात्र झिरपणारे भांडे चालत नाही. त्यासाठी चिनी मातीची बरणी बाहेरून आली. सौराष्ट्रात थानगडला हा धंदा रुजवणारे परशुराम गणपुले मराठीच, याचे मला फार अप्रूप वाटते.

कारखान्यातला स्वस्त सोडा आला आणि लोणारच्या खाराचा व्यापार बसला. २००० साली लोणार अभयारण्य झाले, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. खार आता काठावरच राहतो. कुंभार अजून अक्षय्य तृतीयेच्या आधी माठ बाजारात मांडतात, पण गोडे पाणी बरेचदा प्लॅस्टिकच्या जारमधून येते, तेही आधीच गार केलेले.