लातूरचें स्थानक

बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें सुरू केली. निजामी मुलखांतील लातुरास ती १९११ मध्यें पोंचली. रुळांतील अंतर अवघें अडीच फूट, आणि भार आंसामागें पांच टनांच्या हिशेबाचा. पेठेंतील शेतमालास तेवढी वाट पुरे होई. १९५४ सालीं ही रेल्वे सरकारी झाली. २००८ पर्यंत लातूरचा मार्ग रुंद झाला. त्याचें मोल एप्रिल २०१६ च्या दुष्काळांत कळलें. मिरजेहून पहिल्या पाणीगाडीनें दहा टांक्यांतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आणलें. एका टांकींतील पाणीच पन्नास टन. चार आंसांवर विभागूनही जुन्या रुळांस तें पेललें नसतें. धान्य बाहेर नेणाऱ्या लोहमार्गानें त्या उन्हाळ्यांत तहानलेल्या शहरास पाणी पाजलें.